पन्नासपैकी पन्नास

त्या हॉस्पिटलमधून मला दोनदा बाहेर काढलं होतं. दोन्ही वेळा हातात पत्रकं होती. रुग्णाला आपले कागद बघण्याचा हक्क आहे, उपचार समजावून घेण्याचा हक्क आहे, असं त्यांत लिहिलेलं होतं. दुसऱ्या वेळी सिक्युरिटीवाल्याने गठ्ठ्याची नीट घडी करून तो मला परत दिला आणि म्हणाला की आत आजारी माणसं आहेत, त्यांना कशाला त्रास देता. तिसऱ्या वेळी त्याच माणसाने मला सलाम केला, कारण गळ्यात कार्ड होतं. कार्डावर माझा फोटो आणि खाली 'संशोधन सहायक'.

मी ते काम का घेतलं हे आधी सांगून टाकते, नाहीतर पुढचं सगळं सांगण्याचा मला अधिकार नाही. संशोधन होतं रुग्णांच्या धार्मिक बांधिलकीवर. दहा वाक्यं, प्रत्येक वाक्यापुढे एक ते पाच आकडे. 'माझ्या श्रद्धेप्रमाणे मी रोजचे निर्णय घेतो', 'त्रास झाला तरी मी माझ्या धर्माचे नियम पाळतो', अशी वाक्यं. अजिबात पटत नसेल तर एक, पूर्ण पटत असेल तर पाच. बेरीज जास्तीत जास्त पन्नास. ज्या डॉक्टरबाई हे चालवत होत्या, ज्यांना सगळे मोठ्या मॅडम म्हणायचे, त्यांना दाखवायचं होतं की श्रद्धा असलेला माणूस लवकर बरा होतो. मला दाखवायचं होतं की असलं काही नसतं. दोघींनाही उत्तर आधीच माहीत होतं. शिवाय एकदा आत शिरले की आमच्या रुग्णहक्क गटाच्या कामाचं काहीतरी हाती लागेल, हाही हिशेब होताच. म्हणजे मी काही भोळेपणाने तिथे गेले नव्हते.

मला डायलिसिसचा हॉल दिला होता. तिसरा मजला, दोन रांगांत खुर्च्या, प्रत्येक खुर्चीशेजारी एक यंत्र, आणि भिंतीवर एक टीव्ही. माणसं आठवड्यातून तीनदा येतात, चार-चार तास त्याच खुर्चीत बसतात. बोलायला कोणी हवंच असतं. सर्व्हे करणाऱ्याला यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. ते उठून जाऊच शकत नाहीत.

खिडकीकडच्या खुर्चीत बाइंडिंगवाले चाचा असायचे. राहायला विश्रांतवाडीला, सगळी हयात पेठेतल्या एका छापखान्यात वह्या-पुस्तकं बांधण्यात गेलेली. उजव्या अंगठ्याचं टोक कटिंग मशीनने नेलेलं. त्यांच्या शेजारच्या खुर्चीत कर्वेनगरचे एक काका, निवृत्त, पांढरी पँट, चेहऱ्यावर कायम कुणीतरी पायावर पाय दिल्यासारखा भाव. दोघांची पाळी एकच, दोन वर्षांपासून. दोघंही घरातल्या माणसाच्या किडनीसाठी थांबलेले. काकांना भाऊ देणार होता, चाचांना बायको.

मी पहिल्यांदा फॉर्म पुढे केला तेव्हा चाचांनी तो वाचला नाही, बोटांत धरून चोळला. म्हणाले, सत्तर जीएसएमचा कागद दिसतोय, पातळ, स्वस्तातला, दोन पावसाळ्यांत पिवळा पडेल. काकांनी टीव्हीवरून नजर न काढता विचारलं की तोपर्यंत आपण आहोत का.

मी नियमाप्रमाणे वरची ओळ मोठ्याने वाचली: आपण दिलेली माहिती गोपनीय राहील, तिचा उपचारांशी संबंध नाही. ही ओळ मी त्या हॉलमध्ये प्रत्येक खुर्चीपुढे वाचली आहे. माझ्या आवाजात.

चाचांनी दहाही वाक्यांना पाच सांगितलं. त्यात फुशारकी नव्हती. प्रत्येक वाक्य ऐकून ते थोडं थांबायचे आणि मग पाच म्हणायचे, जणू माप लिहून देतायत. त्रास झाला तरी नियम पाळता का, यावरही पाच. मला जरा चीड आली. मी विचारलं की मग डॉक्टरांचं कशाला ऐकता. त्यावर ते जे बोलले ते मला शब्दशः आठवतं, आणि आठवतं हीच अडचण आहे.

"डॉक्टर त्यांचं काम करतील. मी गोळ्या घड्याळाला घेईन, एक चुकवणार नाही. रोजे तर दोन वर्षं ठेवलेच नाहीत, आजाऱ्याला आमच्यात माफ आहे, तोही नियमच की. एवढं सगळं करून मग जे होईल ते वरच्याच्या मर्जीने."

फॉर्मच्या तळाशी 'शेरा' म्हणून दोन बोटं रिकामी जागा होती. आता माझी सवय सांगते. पत्रक कसं लिहायचं हे मला आमच्या गटातल्या एका ज्येष्ठ बाईंनी शिकवलं. त्या म्हणायच्या, पत्रकात चौकट एकच हवी आणि चौकटीत वाक्य एकच. वाचणाऱ्याने बाकी काही वाचलं नाही तरी तेवढं वाचलं पाहिजे. मी कॉलेजपासून तेच करत आले. कुणाचंही बोलणं ऐकताना माझे कान चौकटीतलं वाक्य शोधत असतात. त्या दिवशीही शोधलं. शेऱ्याच्या जागेत पेनाने चौकट काढली आणि आत लिहिलं: 'जे होईल ते वरच्याच्या मर्जीने.'

बाकीचं बोलणं चौकटीत बसत नव्हतं.

आणि वर कोपऱ्यात खुर्चीचा नंबर घातला. तो घालायचा नव्हता, फॉर्मवर फक्त सांकेतिक आकडा हवा होता. पण तीन महिन्यांनी दुसरी फेरी होती, कोण कुठे बसलं होतं हे माझ्या लक्षात राहिलं नसतं. सगळ्याच फॉर्मवर घातला. त्या मजल्यावरचा शिरस्ता मला ठाऊक नव्हता. तिथे ज्या कागदावर खुर्चीचा नंबर असेल तो कागद पेशंटच्या फाइलचा. इन्चार्ज सिस्टर अतिशय टापटिपीच्या. मी गठ्ठा त्यांच्या टेबलावर ठेवून जेवायला गेले, परत आले तर त्यांनी सगळे फॉर्म पंच करून, पाननंबर घालून ज्याच्या-त्याच्या फाइलला लावले होते. मी कपाळाला हात लावला. त्या म्हणाल्या, राहू द्या की, आमच्याकडे सापडतील तरी, तुमच्याकडे गहाळ होतील. मी संध्याकाळी सगळ्यांचे फोटो काढून घेतले आणि माझं काम झालं असं समजले. कागद फाइलमध्येच राहिले.

चाचांची एक वेळ ठरलेली होती. साडेचार वाजून गेले की ते बोलायचे थांबायचे, डोळे मिटायचे. डाव्या हातात सुया, त्यामुळे उठण्याचा प्रश्नच नव्हता. बसल्या बसल्या मान किंचित झुकायची, ओठ हलायचे, उजव्या हाताची बोटं चादरीवर. पाच-सात मिनिटं. त्या वेळेला काका रिमोट उचलून टीव्हीचा आवाज बंद करायचे. न चुकता. आणि न चुकता काहीतरी बोलायचे: तुमचा वर फोन लागला असेल तर आमच्याही लाइटबिलाचं विचारा. चाचा डोळे उघडल्यावर उत्तर द्यायचे, विचारलं, ते म्हणाले काकांना आधी टीव्ही कमी बघायला सांगा. मी या बाबतीत कडवी आहे, देवधर्म माझ्या डोक्यात जातो. पण त्या पाच-सात मिनिटांत मीही पेन खाली ठेवायला लागले होते. का ते मी तेव्हा स्वतःला विचारलं नाही.

प्रत्यारोपणाची समिती जानेवारीत बसली. दोघांच्या फाइली एकाच दिवशी गेल्या.

काकांचे माझ्या फॉर्मवर अठ्ठेचाळीस होते. सोमवार, चतुर्थी, एकादशी, सगळे उपास. उपासाचे बटाटे-शेंगदाणे खाऊ नका म्हणून डाएटवाली बाई त्यांच्याशी दर आठवड्याला भांडायची. काकांच्या फाइलवर समितीने लिहिलं: 'श्रद्धाळू, मनोबल उत्तम.' तारीख मिळाली.

चाचांच्या फाइलवर लिहिलं: 'धार्मिक बाबतीत अत्यंत काटेकोर. दैववादी दृष्टिकोन. येत्या रोज्यांच्या महिन्यात औषधं चुकण्याची शक्यता. समुपदेशन करून तीन महिन्यांनी पुन्हा सादर करावे.'

हे मला सिस्टरनी दाखवलं. त्यांना वाटलं मला आनंद होईल, माझ्या सर्व्हेचा कुणीतरी उपयोग केला म्हणून. दैववादी या शब्दाखाली पेन्सिलने रेघ होती आणि समोरच्या पानावर माझी चौकट होती. समितीने बाकी काही वाचलं नव्हतं. तेवढंच वाचलं होतं.

तीन महिने म्हणजे काय ते चाची येऊन सांगून गेल्या. चाची म्हणजे चाचांच्या बायको, बुटक्या, ठसठशीत, रुग्णाचं जेवण घेऊन लिफ्टने न येता जिन्याने येणाऱ्या. डॉक्टरनी चालायला सांगितलं होतं. त्यांची साखर मधुमेहाच्या काठावर होती. आज त्या किडनी देऊ शकत होत्या. तीन महिन्यांनी काठ ओलांडला असता तर नसत्या देऊ शकल्या, आणि दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी भात सोडला होता, चहातली साखर सोडली होती, आणि आता त्यांना तीन महिने जास्त जिने चढायचे होते. त्या सिस्टरना विचारत होत्या की आमचं काय चुकलं. सिस्टर म्हणाल्या, काही नाही हो, रूटीन असतं.

मी शेजारी उभी होते.

मोठ्या मॅडमकडे मी तावातावाने गेले. गोपनीय असं मी स्वतः वाचून दाखवलंय, हा सरळ विश्वासघात आहे, अठ्ठेचाळीसला मनोबल आणि पन्नासला शंका हा कुठला न्याय, असं सगळं बोलले. त्यांनी शांतपणे ऐकलं. बाई वाईट नाहीत, हेच भयंकर आहे. म्हणाल्या, खुर्चीचा नंबर कुणी घातला? मग म्हणाल्या की समितीवर कुणाच्या मनात काही नाही, प्रत्यारोपणानंतर गोळी चुकली तर दिलेली किडनी फुकट जाते, त्यांना काळजी घ्यावी लागते. मी म्हटलं की गोळ्या चुकवणार नाही असं ते मला म्हणाले होते. मॅडमनी फाइल माझ्याकडे वळवली आणि विचारलं, "कुठे लिहिलंयस?"

मी तो कागद काढून टाकायला तयार होते, तसं बोलूनही दाखवलं. त्या म्हणाल्या की पानांना नंबर आहेत, मधलं पान गेलं तर मोठी चौकशी लागेल, आणि फाइल स्कॅनही झालीय. मग चष्मा पुसत, अगदी मदत करण्याच्या सुरात म्हणाल्या की दुसरी फेरी तशीही घ्यायचीच आहे, त्यांची जरा आधी घे. नवीन कागद वर लागतो. आकडा खाली आला असेल तर मी समितीला पुन्हा बघायला सांगू शकते.

आला असेल तर. एवढ्या सभ्यपणे मला कुणी आजवर खोटं लिहायला सांगितलं नव्हतं.

मी मंगळवारी चाचांच्या खुर्चीपुढे स्टूल ओढलं आणि सगळं सांगितलं. चौकट, नंबर, समिती, अठ्ठेचाळीस, सगळं. शेजारी काका ऐकत होते. चाचांनी यंत्राच्या फिरत्या चाकाकडे बघितलं.

"मी एवढंच बोललो होतो?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग बाकीचं?"

मी म्हटलं की ते वाक्य चांगलं होतं.

काका म्हणाले, "माझे अठ्ठेचाळीस पास आणि यांचे पन्नास नापास. दोन मार्क जास्त पडले म्हणून नापास झालेला विद्यार्थी पुण्यातसुद्धा पहिलाच." पण त्यांच्या आवाजात नेहमीची मजा नव्हती.

मी चाचांना म्हटलं की आपण लढू. मी पत्रक काढते, अर्ज करते, समितीसमोर उभी राहते. वाक्यं तोंडावर तयार होती. चाचांनी मला थांबवलं नाही, संपेपर्यंत ऐकलं. मग म्हणाले की पत्रकं मी आयुष्यभर कापलीत, ताई, हजार-हजारांच्या गठ्ठ्यांत. छपाईला दोन दिवस लागतात, वाटायला आठ. आणि वाचायला? हिच्या साखरेला तेवढा वेळ नाही.

मग त्यांनी तो प्रश्न विचारला. बाजारात विचारतात तसा, खालच्या आवाजात.

"किती हवेत?"

मी म्हटलं, तसं ठरलेलं नाही.

"सगळीकडे एकेक नका घालू," ते म्हणाले. "खोटं वाटेल. मध्येमध्ये एखादा तीन टाका."

मी एकेक वाक्य वाचत गेले. ते प्रत्येक वाक्य पूर्ण ऐकायचे, पहिल्या वेळेसारखंच थोडं थांबायचे, आणि मग आकडा सांगायचे. श्रद्धेप्रमाणे निर्णय: दोन. प्रार्थनेसाठी वेळ काढतो: एक. त्रास झाला तरी नियम पाळतो: इथे ते जास्त थांबले, आणि 'एक' म्हणताना त्यांनी माझ्याकडे न बघता खिडकीकडे बघितलं. मी लहानपणापासून लोकांना सांगत आले की भीतीपोटी देव धरू नका. त्या दिवशी माझ्यासमोर एका माणसाने भीतीपोटी तो सोडला, आणि आकडे मी लिहीत होते. बेरीज अठरा.

शेऱ्याच्या जागेशी पेन थांबलं. ते म्हणाले, लिहा, गोळ्या वेळेवर घेईन. मी लिहिलं. चौकट काढली नाही.

फॉर्म बंद केला तेव्हा साडेचार वाजून गेले होते. काकांनी सवयीने रिमोट उचलला आणि टीव्हीचा आवाज बंद केला. हॉल एकदम शांत झाला, फक्त यंत्रांची घरघर. सिस्टर टेबलाशी काहीतरी लिहीत होत्या. चाचांनी सिस्टरकडे पाहिलं, माझ्या मांडीवरच्या कागदाकडे पाहिलं.

"राहू द्या, काका," ते म्हणाले. "आवाज चालू राहू द्या."

काकांनी लगेच आवाज सुरू केला नाही. रिमोट हातात धरून ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी आवाज सुरू केला, नेहमीपेक्षा थोडा मोठाच. कुठल्या तरी मालिकेत कुणीतरी रडत होतं. चाचांचे डोळे उघडे होते आणि उजवा हात चादरीवर सपाट, एकही बोट न हलवता ठेवलेला होता. पुढच्या चार पाळ्यांना ते तसेच बसले. मी मुद्दाम त्या वेळेला बाहेर जाऊन बघितलं, की मी नसताना तरी डोळे मिटतात का. दाराच्या काचेतून दिसायचं. टीव्ही चालू, डोळे उघडे.

समितीने तारीख दिली. पंधरा दिवसांत चाचा-चाची दोघांनाही ऑपरेशनला घेतलं. चाचींची किडनी पहिल्या दिवसापासून चालली, आणि चाचांनी एकही गोळी चुकवली नाही, घड्याळ लावून घेतात. मी काम सोडलं. फॉर्म मात्र सुटला नाही. तो आता कागदावर नसतो, टॅबवर असतो, आणि ऐकलंय की प्रत्यारोपणाच्या प्रत्येक पेशंटला तपासणीच्या वेळी विचारतात. सुरुवातीला ती ओळ अजून आहे. गोपनीय राहील.

मागच्या महिन्यात मी विश्रांतवाडीला त्यांच्या घरी गेले. आधी कळवलं नव्हतं. बेल वाजवल्यावर आत काहीतरी सरकलं, कपाट उघडून बंद झालं, मग चाचींनी दार उघडलं. चाचा खुर्चीत पेपर धरून बसले होते. तब्येत सुधारली होती, गाल भरले होते. कपाळावर मात्र चटईच्या विणीचे वळ ताजे होते. मी तिकडे बघितलं हे त्यांना कळलं आणि त्यांनी हाताने कपाळ पुसलं. पुसून जाण्यासारखं ते काही नव्हतं.

चाची म्हणाल्या, "ताई, कागद आणलाय का तेवढं आधी सांगा. म्हणजे यांना सुखाने चहा घेता येईल."

मी बॅग उघडून दाखवली. खरंच उघडून दाखवली, आत छत्री आणि डबा होता. मगच त्या आत गेल्या.

चहा बिनसाखरेचा होता. चाचांनी इकडचं-तिकडचं विचारलं, काकांचं विचारलं. काका फोन करतात म्हणाले, दर आठवड्याला, पण साडेचारनंतर कधीच करत नाहीत. मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं की तो पहिला कागद, पन्नासवाला, अजून फाइलमध्येच आहे ना.

मी म्हटलं आहे. काढत नाहीत. नवीन वर लागत जातात.

त्यांनी मान डोलावली. बांधणीतल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. म्हणाले की वरचं पान कितीही बदला, खालचं असतंच. एकावर पन्नास, एकावर अठरा, दोन्ही माझ्याच तोंडचे. आज कुणाला सवड नाही. कधीतरी कुणीतरी फाइल चाळेल, आणि विचारेल की यातला खरा माणूस कुठला.

"मग काय सांगू, ते तुम्ही लिहून देऊन जा," ते म्हणाले. "तुम्हाला थोडक्यात लिहायची सवय आहे."

त्यांनी खरोखरच पेपराच्या कडेची कोरी पट्टी फाडून माझ्यापुढे ठेवली. चेहऱ्यावर चेष्टा नव्हती. मी पेन काढलं. तेवढ्यात बेल वाजली. चाची स्वयंपाकघरातून आल्या, पण दाराकडे गेल्या नाहीत. आधी कपाट नीट लागलंय का ते ओढून पाहिलं. मग चाचांच्या कपाळाकडे बघितलं.